वाट पाहणे, सर्व वयोगटांसाठी

माझ्या मावशीचा हुद्दा कागदावर 'पायवाट निरीक्षक' असा आहे. खात्यात मात्र तिला सगळे वाटवाली म्हणतात, आणि तिचं काम काय असं कुणी विचारलं तर सांगतात, "त्या वाट पाहतात." हे सांगताना कुणाला हसूही येत नाही, इतका तो शब्द आमच्याकडे रुळला आहे. माळी झाडं पाहतो, तलावावरचा माणूस पाणी पाहतो, तशी मावशी वाट पाहते. रोज सकाळी साडेसहाला निघायचं, पायवाट क्रमांक सात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. कुठे मूळ वर आलंय, कुठल्या बाकाची फळी सैल झालीय, कुठे पाण्यानं माती वाहून नेलीय ते बघायचं. हाताशी होईल ते तिथल्या तिथे नीट करायचं आणि परत येऊन वहीत एक ओळ लिहायची. 'आज वाट पाहिली. ठीक.' बावीस वर्षांच्या अशा वह्या आमच्या कपाटाचा खालचा कप्पा अडवून बसल्या आहेत.

आमच्या म्हणजे खात्याच्या. मीही तिथेच, पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ बसते. शहरातल्या सगळ्या बागा, पायवाटा, पोहण्याचे तलाव आणि हौशी लोकांचे वर्ग हे आमचं खातं सांभाळतं. दर तीन महिन्यांनी या सगळ्याची एक कार्यक्रमपत्रिका निघते आणि ती काढायची जबाबदारी माझी. ज्येष्ठांसाठी पाण्यातले व्यायाम, नवशिक्यांसाठी बुद्धिबळ, कुंडीतली भाजी, असलं सगळं. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता. होता, असं मुद्दाम म्हणते आहे.

आधी मावशीबद्दल सांगते. ती खात्यात लागली ती मोठ्या बागेत पानं झाडायला. पायवाट सातवर जायचं म्हणजे तेव्हा शिक्षा समजत. सव्वाचार किलोमीटर, एकीकडे कालवा, दुसरीकडे गोदामांच्या भिंती, मग टेकडीचा चढ आणि पलीकडे छोटी बाग. "कोण जाईल?" असं त्या वेळच्या अधीक्षकांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या खराट्यांकडे पाहिलं. मावशीनं हात वर केला. का केलास, असं मी एकदा विचारलं होतं. "एका जागी गोल गोल झाडून मला चक्कर यायची," ती म्हणाली. एवढंच कारण. त्यापुढे बावीस वर्षं.

काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपी आहेत. घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे. मावशीसाठी त्यांनी जाड कापडाची एक पिशवी शिवून दिली आहे, तिला अकरा खिसे. करवत, हातोडी, खिळे, बाण रंगवायचा पिवळा डबा, टेप, आणि एका खिशात बुटांच्या नाड्या. नाड्या स्वतःसाठी नाहीत. वाटेत कुणाची नाडी तुटली तर देण्यासाठी. काकांनी पिशवी तीनदा शिवून दिली, पण पायवाटेवर पाऊल कधी टाकलं नाही. "मी रोज तुझी वाट पाहतो, आणखी तुझी वाट कशाला पाहायला येऊ?" हा त्यांचा ठरलेला विनोद. तो ऐकून मावशी ठरल्याप्रमाणे तोंड फिरवायची.

तर, या वसंतात खात्यानं मोजणी काढली. प्रत्येक पायवाटेच्या पुढच्या फाटकावर माणसं मोजणारं एक यंत्र बसवलं. पायवाट सातचा आकडा आला, दिवसाला अकरा माणसं. अकरा माणसांसाठी एवढी वाट कोण सांभाळणार? ती यादीतून काढायचं ठरत आलं. फाटकांना कुलपं, बाकं उचलून दुसरीकडे, आणि मावशीला निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं पोहण्याच्या तलावाच्या तिकीट-खिडकीत.

तलावाच्या औषधाच्या वासानं मावशीला शिंका येतात. पण ते जाऊ द्या. ती वाट बंद होणार, हे ऐकून तिचं जेवणातलं लक्ष उडालं, आणि ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरी मेख अशी होती की पुढचं फाटक उघडतं आठला. रोजची माणसं येतात सातच्या आत, कालव्याच्या बाजूच्या मागच्या फाटकातून, ज्याचा अडसर कित्येक वर्षांत बसलेला नाही. तिथे यंत्र नव्हतं. मावशीनं हे वर जाऊन सांगितलं.

"नोंद आहे का?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"मी बघते ना रोज."

"बघता. पण नोंद आहे का?"

नोंद नव्हती. बावीस वर्षं तिनं मूळ लिहिलं, फळी लिहिली, माती लिहिली. माणसं लिहायची असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेवटी मावशीनं एवढं मात्र पदरात पाडून घेतलं की खात्याच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, स्वतः येऊन वाट बघतील आणि मग काय ते ठरवतील.

मंगळवारी मावशीनं माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'रविवार, सकाळी सात. वाट पाहणे. पायवाट सात, मागचे फाटक.' ती जायची होती कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तक्त्यात. माझ्या टेबलावर दोन ट्रे आहेत. डाव्यातलं तक्त्यात जातं, उजव्यातलं छापखान्यात. मी तेव्हा छापखान्याशी फोनवर भांडत होते, बुद्धिबळाच्या वर्गाखाली त्यांनी पटावरच्या घोड्याऐवजी खरा घोडा छापला होता म्हणून. भांडता भांडता मी चिठ्ठी उचलली आणि ठेवली. कुठे, ते तुम्हाला कळलंच असेल.

गुरुवारी पत्रिका शहरभर वाटली गेली. वाचनालयं, दवाखाने, दुकानं, सगळीकडे. पाण्यातले व्यायाम आणि कुंडीतली भाजी यांच्या मधोमध छान चौकटीत छापलं होतं: 'वाट पाहणे. रविवार, सकाळी सात. पायवाट सात, मागचे फाटक. सर्व वयोगटांसाठी. पूर्वानुभवाची गरज नाही. पाण्याची बाटली सोबत आणावी.' शेवटच्या तीन ओळी आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाखाली आपोआप येतात.

दहा वाजता पहिला फोन आला. "कुणाची वाट पाहायची आहे?" एका बाईंनी विचारलं. मी म्हटलं, छपाईची चूक आहे. त्यांनी फोन ठेवला तोवर दुसरा वाजत होता. किती वेळ पाहायची? घरून केली तर चालेल का? एक आजोबा म्हणाले, "पूर्वानुभव नको म्हणता, पण मला भरपूर आहे. तीन मुलं परदेशात आहेत माझी."  मी म्हटलं, "या तुम्ही." आणि तिथून पुढे मी कुणालाच चूक आहे असं सांगितलं नाही. का, ते मलाही ठाऊक नाही. 

दुपारी मावशी वर आली. तिच्या हातात पत्रिका होती.

"वाट लावलीस गं माझी," ती म्हणाली.

"मावशी, ट्रे..."

"मोठ्या बाईंना वाटेल मी तमाशा जमवला. माणसं गोळा करून आणली. त्यांना असलं आवडत नाही, माहितेय ना? त्या एका दिवसाची गर्दी हिशेबात धरणारच नाहीत."

तिचं खरंच होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शनिवारी काकांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तर ती त्यांच्याशीही बोलेनाशी झाली.

रविवारी साडेसहाला मी मागच्या फाटकापाशी पोहोचले आणि हबकलेच. माणसं होती. आणि काय काय घेऊन आली होती. एक जोडपं घडीच्या खुर्च्या उघडून कालव्याकडे तोंड करून बसलं होतं. एक बाई विणकाम घेऊन आल्या होत्या. फोनवरचे आजोबा हातात जाड पुस्तक घेऊन झाडाला टेकले होते. "आमची तयारी आहे," ते मला म्हणाले. "सुरुवात कधी?" आणि या सगळ्यांना वळसा घालून, ही काय भानगड म्हणून मागे वळून बघत, रोजची माणसंही आत शिरून रेंगाळत होती. रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका. खांद्यावर डबा लटकवलेला गवंडी. म्हाताऱ्या कुत्र्याला ढकलत आणणाऱ्या एक आजी. मी प्रत्येकाला मोजत होते. एकशे बारा.

सातला पाच कमी असताना मोठ्या बाई आल्या. उंच, ताठ, पायांत चालायचे बूट. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, विणकामाकडे पाहिलं.

"ही कोण मंडळी?"

"वाट पाहायला आलीत," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, कालव्यात उडी मारावी. पण तिला थांबायची सवय नाही. "चला, मॅडम," ती म्हणाली आणि निघाली. खुर्च्यावाल्यांना मी सांगितलं की चालत चालत पाहायची असते. त्यांनी मुकाट्यानं खुर्च्या मिटल्या. आणि अगदी शेवटी, धापा टाकत, दुकानातली कात्री शर्टाच्या खिशात तशीच ठेवून कोण आलं असेल? काका. "छापलंय ना," ते म्हणाले. "सर्व वयोगटांसाठी."

मावशी पुढे सांगत चालली होती. ही फळी तीनदा बदलली, हा बाण मागच्या महिन्यात रंगवला, इथे माती धरून ठेवायला दगड लावले. मोठ्या बाई ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आठव्या बाकापाशी त्या थांबून म्हणाल्या, "वाट चांगली ठेवलीय तुम्ही. पण माझा प्रश्न तो नाही. रोज कोण येतं? आज आलेली माणसं मी कशी धरू?"

मावशीनं पिशवी खांद्यावर सरकवली. ती पुढे चालू लागली.  आपल्या एका चिठ्ठीनं आपण हिची बावीस वर्षं घालवली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नवव्या बाकानंतर एक वळण आहे. वळलं की उजवीकडे झाडीतून एकदम कालव्याचं पाणी दिसतं आणि माणूस पाण्याकडे बघतो. नेमकी तिथेच वाटेवर एक जाड फांदी आडवी आली आहे, साधारण कपाळाच्या उंचीवर, पानांत लपलेली. मनगटापेक्षा जाड फांदी कापायचा अधिकार आमच्याकडे वृक्ष विभागाला. मावशीनं त्यांना एकोणीस अर्ज दिले आहेत. फांदीला बांधलेलं लाल फडकंही आता विटून, शेवाळ धरून पानांच्या रंगाचं झालं आहे.

मावशी बोलता बोलता वाकली आणि पलीकडे गेली. मोठ्या बाई पाण्याकडे बघत वळल्या आणि ठाण्णकन आवाज झाला.

"अगं बाई," मावशी पांढरीफटक पडली. "मॅडम, राहिलंच सांगायचं. मला आता ती दिसतच नाही हो."

मोठ्या बाई कपाळ धरून बाजूला झाल्या आणि दगडावर बसल्या. मी पाण्याची बाटली काढली. पत्रिकेत लिहिलं होतं म्हणून आणली होती. आता सगळं संपलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून माणसं येऊ लागली.

परिचारिका आली. मोठी जांभई देत होती, डोळे मिटलेले. फांदीपाशी आली, वाकली, पलीकडे गेली, जांभई मोडली नाही. पाठोपाठ पुस्तकवाले आजोबा आले, पाण्याकडे बघत, आणि ठाण्ण. गवंडी आला, मागे वळून कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलताच वाकला. डबासुद्धा फांदीला लागला नाही. विणकामवाल्या बाई, ठाण्ण. कुत्र्याच्या आजी वाकल्या, आणि त्यांच्या आधी कुत्रा वाकला, ज्याला वाकायची काहीच गरज नव्हती.

मोठ्या बाईंनी कपाळावरचा हात काढला. त्या फांदीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही काही मोजताय ना मघापासून?"

"हो. आलेली माणसं."

"ती नका मोजू," त्या म्हणाल्या. "वाकलेली मोजा."

 मी पत्रिकेच्या मागच्या बाजूवर रेघा मारायला लागले. वाकला, रेघ. वाकली, रेघ. कुणी फोनवर बोलत वाकत होतं, कुणी नाक पुसत. एक गृहस्थ काठी टेकत आले, थांबले, वाकले, पुन्हा काठी टेकत गेले. या माणसांना फांदी दिसतही नव्हती. त्यांच्या मानेलाच ती पाठ झाली होती. मावशी माझ्या शेजारी उभी राहून पुटपुटत होती. "हा मंगळवार-शुक्रवार येतो. ही रोज. या दोघी पूर्वी तिघी होत्या." मोठ्या बाई ते ऐकत होत्या, आणि मधूनच एखाद्याला थांबवून विचारत होत्या, किती वर्षं? सहा. अकरा. "ही काकू आली नव्हती तेव्हापासून," काठीवाले म्हणाले आणि मावशीकडे बोट दाखवलं.

एकसष्ट. माझ्यासारखी बुटकी माणसं तर या हिशेबात आलीच नाहीत, ती फांदीखालून ताठ मानेनं जातात. मी तो आकडा मोठ्या बाईंना सांगितला.

तेवढ्यात शेवटचं ठाण्ण ऐकू आलं. काका.

"अहो, वाकायचं ना," मावशी धावली.

"सांगितलंस कधी?" काका कपाळ चोळत म्हणाले. "बावीस वर्षांत एकदा तरी सांगितलंस, तिथे फांदी आहे म्हणून?"

"विचारलंत कधी?"

 काकांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. सकाळचं ऊन त्यावर आलं होतं.  "असं आहे होय," एवढंच ते म्हणाले, आणि मावशीच्या खांद्यावरची अकरा खिशांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. तिनं दिली. ती पिशवी ती कुणाला उचलू देत नाही, मलासुद्धा नाही.

परत आल्यावर मावशी वही लिहायला बसली. मोठ्या बाई समोर उभ्या होत्या, कपाळावर टेंगूळ आलेलं. मावशीनं तारीख घातली आणि पेन थांबलं. तिच्या लक्षात आलं की आज तिनं एकही मूळ बघितलं नव्हतं, एकही फळी हलवून पाहिली नव्हती. खोटं लिहायची तिला सवय नाही. तिनं लिहिलं, 'आज वाट पाहिली नाही. माणसं पाहिली.' मोठ्या बाईंनी वही आपल्याकडे ओढली, ते वाचलं आणि खाली सही केली.

शुक्रवारी पत्र आलं. पायवाट सात राहणार. यंत्र मागच्या फाटकावर हलवायचं. मी ते पत्र घेऊन दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेले आणि सगळ्या खात्यासमोर मावशीला मिठी मारली. ती म्हणाली, "पुरे, कागद चुरगळेल." पण तिचे हात माझ्या पाठीवरून निघाले नाहीत. सोमवारी वृक्ष विभागाचा माणूस करवत घेऊन हजर झाला, एकोणीस अर्जांनंतर. मावशीनं त्याला चहा पाजून परत पाठवला. फांदीला आता जुन्या गादीचा कापूस भरून काकांनी जाड पिवळं कापड शिवलं आहे, लांबून दिसेल असं.

दोन टेबलं पलीकडे बसणारे लोक मला अजून चिडवतात, की पुढच्या पत्रिकेत काय, 'वाटेला लागणे'? मी हसते. आता मला कशाचंच काही वाटत नाही.

काल रविवार होता. काका आता दर रविवारी जातात, पिशवी तेच घेतात. मी मागून चालत होते. आठव्या बाकापासून त्यांचं सुरू होतं, गुडघे दुखतात, बूट चावतात, दुकान बंद ठेवावं लागतं, कुणी सांगितलाय हा खटाटोप. वळण आलं. पाणी दिसलं. काका तसेच कुरकुरत, मावशीकडे बघत, वाकले आणि पलीकडे गेले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मावशी थबकली. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "बासष्ट," ती हळूच म्हणाली.